गुंडाळून ठेवलेली तार

कोसमघाटच्या पोलीस चौकीसमोर सुगंधाबाई रोज सकाळी येऊन उभी राहायची आणि इसरूला शिव्या घालायची. पूर ओसरून पंधरवडा होऊन गेला होता, चिखल वाळून भेगाळला होता, तरी तिचा एकही दिवस चुकला नव्हता.

"उठला काय रे झोपाळ्या? का अजून डोळा लागूनच राह्यला?"

इसरू चौकीवरचा वायरलेसवाला. तो मूळचा कोरपन्याकडचा, सडाफटिंग माणूस; जेवायला सुगंधाबाईकडेच असायचा. वैनगंगेला वरच्या अंगाला पाणी चढलं की त्याची खबर चांद्याच्या मोठ्या वायरलेसवर यायची आणि तिथून दिवेलागणीच्या ठरल्या वेळी कोसमघाटला पाठवली जायची. इसरूने कानाला यंत्र लावून ती ऐकायची, आणि चौकीच्या शिपायाने नदीकाठच्या ढिवरटोलीत, मासेमारांच्या वस्तीत, जाऊन सांगायचं, एवढी ती व्यवस्था होती. त्या संध्याकाळी चांद्याहून खबर निघाली होती. पुन्हा पुन्हा पाठवली गेली होती. कोसमघाटहून पोच मात्र गेली नाही. पहाटे पाणी टोलीत शिरलं. माणसं झाडांवर आणि छपरांवर चढून वाचली. सुगंधाबाईचा मासेमारीचा नवा डोंगा, सगळी जाळी आणि दावणीच्या शेळ्या वाहून गेल्या.

तिने चौकीवर तक्रार केली होती, वायरलेसवाला झोपला होता अशी. शुक्रवारी चांद्याहून साहेब चौकशीला येणार होते. तक्रार खरी ठरली तर इसरूची नोकरी जाणार, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"झोपलो नव्हतो, बाई," इसरू दारात येऊन म्हणाला. रोज तो हेच म्हणायचा. "कानात नुसती खरखर होती. मिल सुरू असली का काहीच ऐकू येत नाई."

"खरखर तुह्या घोरण्याची असन! माह्या घरचे मासे खाऊन खाऊन सुस्त झाला तू. माह्याच हातानं वाढले मी तुले!"

मिल म्हणजे गुणवंतराव पाटलांची भातगिरणी. डिझेलवर चालणारं इंजिन, त्याच्या पट्ट्यावर भात सडायचं यंत्र, आणि दुसऱ्या पट्ट्यावर वीज तयार करणारा डायनामो. या डायनामोमुळे गुणवंतरावांच्या घरी दिवे होते, रेडिओ होता. त्याच विजेची एक तार खांबांवरून चौकीपर्यंत नेलेली होती. चौकीतला दिवा तिच्यावर लागायचा आणि वायरलेसच्या बॅटऱ्या तिच्यावर भरायच्या.

गुणवंतरावांच्या कानावर इसरूचं बोलणं गेलं तेव्हा ते भडकले. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या स्वतःच्या रेडिओवर अशीच खरखर यायची, तेव्हा त्यांनी नागपूरहून मुद्दाम कंडेन्सर आणवला होता. टिनची चपटी डबी, वर तारा जोडायला दोन बोंडं. तो मिलमधल्या डायनामोला जोडल्यापासून रेडिओवरची गाणी स्वच्छ झाली होती. त्यांनी बाजाराच्या दिवशी रेडिओ मिलच्या ओट्यावर आणून ठेवला, मिल पूर्ण वेगात चालू ठेवली, आणि नागपूर स्टेशन लावलं. गाणं खणखणीत वाजलं.

"ऐका रे!" ते गर्दीला म्हणाले. "कुठी आहे खरखर? माह्या मिलवर नाव टाकून राह्यला तो बदमाश. झोप स्वतःची अन् पाप माह्या माथी!"

लोक हसले. इसरू गर्दीच्या मागे उभा होता. कोणीतरी घोरण्याचा आवाज काढला. तो मान खाली घालून चौकीत निघून गेला. दुसऱ्या दिवशी सुगंधाबाईचा आवाज आणखी चढला.

गावात पत्रू गुरुजी होते. त्यांनी दोन पिढ्यांना बाराखडी शिकवली होती आणि एकाच गोष्टीचा सात वेळा खुलासा करायला ते कधी कंटाळले नव्हते. बाजारात ते हसले नव्हते. संध्याकाळी ते चौकीवर गेले आणि इसरूला म्हणाले, "मला ऐकव."

इसरूने यंत्र त्यांच्या कानाला लावलं. मिल चालू होती. तव्यावर मोहरी तडतडत राहावी तसा आवाज होता, आणि त्याच्या खाली कुठेतरी, फार खोल, चांद्याचे टिक-टिक ठोके.

"हे तुझं यंत्र कोणत्या लहरीवर?"

"शॉर्टवेव्ह, गुरुजी. पाटलाचा रेडिओ मीडियमवर. साहेबांना सांगतो मी, पण मले कोण पुसते?"

"शॉर्टवेव्हवर लहर जास्त जलद हलते, बरोबर?"

"कितीतरी पटीनं जलद."

गुरुजींनी यंत्र कानावरून काढलं. मग म्हणाले, "इसरू, तू मुद्दाम खोटं बोलत नाहीस आणि पाटीलही खोटं बोलत नाही. दोघांची खरखर वेगळी आहे. चल, तो कंडेन्सर पाहू."

मिलमध्ये मुखरू मिस्त्री होता. कंडेन्सर पाहायचा म्हटल्यावर त्याला आनंद झाला. डायनामो मिलच्या मागच्या कोपऱ्यात, भुश्शाच्या धुळीत फिरत होता. कंडेन्सर तिथे नव्हता. तो समोरच्या भिंतीवर, दारातून शिरताच दिसेल असा, लक्ष्मीच्या तसबिरीखाली लाकडी फळीवर बसवलेला होता. त्याला हळदकुंकू लागलेलं होतं. डायनामोपासून निघालेल्या दोन तारा भिंतीच्या कडेने तिथवर आल्या होत्या, आणि उरलेल्या तारेची मुखरूने सुंदर, एकसारखी वेटोळी करून सुतळीने बांधून खुंटीला अडकवली होती.

"मालक म्हनले, इतकी महागाची वस्तू अंधारात काऊन ठेवाची? येनाऱ्या-जानाऱ्याले दिसली पाहिजे."

"आणि ही वेटोळी?"

"तार उरली ना, गुरुजी."

"मग कापली का नाही?"

मुखरू त्यांच्याकडे असं पाहू लागला, जणू गुरुजींनी दुभती गाय कापायला सांगितली होती. "चांगली तार कोनी कापते काय? तांब्याची आहे! उद्या लागली तर?"

झाडीपट्टीत सगळ्यांचीच ही रीत. दोर कापायचा नाही, गुंडाळून ठेवायचा. विहिरीचा सोल असो, गाडीचा नाडा असो, उरेल तेवढा वेटोळं करून खुंटीला. कापलेला दोर पुन्हा लांब होत नाही, हे पोरांना बोलता येण्याआधी कळतं. मुखरूने तारेशी तेच केलं होतं, मन लावून, नीट हाताने.

दुसऱ्या दिवशी शाळेत गुरुजींनी हाच धडा घेतला. त्यांना मनात गोष्ट पक्की करायची असली की ते ती मुलांना शिकवत. सुगंधाबाई इसरूला शिव्या देऊन परतताना कुंपणाशी थांबली होती.

गुरुजींनी चौथीची सगळी मुलं अंगणात एकामागे एक उभी केली. प्रत्येकाने पुढच्याची कंबर धरायची. "तुम्ही बैलगाड्यांची रांग. मी म्हणेन तसं चालायचं. पुढे!"

रांग पुढे सरकली. "आता मागे!" रांग मागे आली. सावकाश सांगितलं तोवर ठीक चाललं. मग गुरुजी भराभर बोलू लागले, "पुढे-मागे-पुढे-मागे-पुढे!" पहिला पोरगा नुसता जागच्या जागी थरथरला, मधले एकमेकांवर आदळले, आणि शेवटचे दोघे उभेच राहिले. त्यांना काही कळलंच नाही. पोरं हसून लोळली.

"आता फक्त दोनच गाड्या. पुढे-मागे-पुढे-मागे!" दोघं भराभर हलली.

"पाहिलंत? डायनामो फिरतो तेव्हा त्याच्या तांब्याच्या पट्ट्यांवर कोळशाचे तुकडे घासतात आणि बारीक ठिणग्या उडतात. त्या ठिणग्यांनी तारेतल्या विजेला थरथर सुटते. ती थरथर तारेतून गावभर जाऊ नये म्हणून कंडेन्सर लावतात. तो थरथरीला सांगतो, इकडून ये, जवळची वाट आहे, परत घरी जा. पण ती वाट लांब असली, आणि त्यात वेटोळी असली, तर काय होईल? सावकाश थरथर जाईल त्या वाटेनं. जलद थरथर नाही जाणार. ती निघते न निघते तोच तिला उलटं फिरायची आज्ञा होते. मग ती म्हणते, मी आपली सरळच जाते, चौकीवर."

"म्हणून बाबांच्या रेडिओवर नाही येत, अन् चौकीवर येते?" गुणवंतरावांची मुलगी चंदा रांगेतून म्हणाली.

"अगदी बरोबर."

"अन् तार कापून छोटी केली तर?"

"आणि कंडेन्सर डायनामोला चिकटवून ठेवला, तर बरीचशी थांबेल. अगदी सगळी नाही. कंडेन्सरच्या आतही लांब पातळ पत्रा गुंडाळूनच भरलेला असतो, त्यामुळे थोडी लांब वाट त्याच्या पोटातही आहे. फार जलद थरथर असली की तोही थकतो. पण बरीचशी."

कुंपणाशी सुगंधाबाई आता ओरडत नव्हती. शाळा सुटल्यावर ती गुरुजींच्या समोर आली. तिचे डोळे लाल झाले होते.

"म्हंजे तो झोपला नव्हता."

"नव्हता."

"अन् मी गावभर त्याले झोपाळ्या म्हनत फिरली." तिने पदर कंबरेला खोचला. "चला, आत्ताच्या आत्ता कापा ते तार. नदी अजून भरलेलीच आहे."

"थांब, बाई. शुक्रवारी साहेब येणार. त्यांनी खरखर आपल्या कानाने ऐकली पाहिजे. आज कापली तर इसरूने दाखवायचं काय? साहेब म्हणतील, यंत्र स्वच्छ बोलतं, म्हणजे तू झोपलाच होतास."

"अन् तोवर पानी आलं तर? माह्या टोलीत लेकरं आहेत!"

गुरुजी तसेच मिलवर गेले. त्यांनी गुणवंतरावांना विचारून पाहिलं, शुक्रवारपर्यंत दिवेलागणीला थोडा वेळ मिल बंद ठेवाल का. गुणवंतराव म्हणाले, "काऊन ठेवू? गुन्हेगार आहो काय मी?" शेवटी सुगंधाबाईने आपला दीर बुधू याला रोज संध्याकाळी वरच्या वळणावर पाणी पाहायला बसवलं, आणि दात-ओठ खात शुक्रवारची वाट पाहू लागली.

शुक्रवारी दुपारी साहेब आले. नदीपलीकडे जीप ठेवून बुधूच्या डोंग्यातून अलीकडे आले. इथे नदी ओलांडायला दुसरा मार्ग नव्हता. ते स्वतः वायरलेसवाल्याच्या नोकरीतून वर चढलेले, कामात चोख असे गृहस्थ होते. चांद्याला त्यांनी सांगून ठेवलं होतं, दुपारभर थोड्या थोड्या वेळाने ठोके पाठवत राहा.

"मिल पूर्ण वेगात चालवा," ते म्हणाले. गुणवंतराव आनंदाने म्हणाले, "चालूच आहे, साहेब."

साहेबांनी यंत्र कानाला लावलं. थोडं ऐकलं. मग ते इसरूच्या कानाला लावलं.

चांद्याचे ठोके मडक्यावर बोट वाजवावं तसे स्वच्छ येत होते. मागे अगदी बारीक किरकिर होती, बस.

इसरूचा चेहरा पांढरा पडला. "साहेब... रोज असं नसते..."

"त्या दिवशीही मिल हीच होती ना?"

"साहेब, चहा घेऊ या," गुणवंतराव म्हणाले.

पत्रू गुरुजी दारात उभे होते. ते मिलकडे गेले. लक्ष्मीच्या तसबिरीखालची फळी रिकामी होती. कंडेन्सर मागे, डायनामोच्या अंगाला चिकटून बसवलेला होता, तारा वीतभरही नव्हत्या आणि त्यांची टोकं नवी, चकाकती होती. मुखरू पाठ करून इंजिनाला तेल देत होता. त्याने वळून पाहिलं नाही.

गुरुजींना सगळं कळलं. चंदाने घरी जाऊन धडा म्हणून दाखवला असणार, अभिमानाने, जसा हुशार मुलांनी म्हणावा तसा. आणि बापाने तो नीट ऐकला असणार.

गुरुजींचा आवाज शाळेत कधी चढला नव्हता. तो आता चढला. चौकीच्या ओट्यावर, साहेबांच्या देखत ते गुणवंतरावांना म्हणाले, "पाटील, तुम्हाला आधी माहीत नव्हतं, त्याचा दोष मी तुम्हाला कधीच दिला नाही. न कळणं हा गुन्हा नाही. पण कळल्यावर तुम्ही काय केलं? चूक दुरुस्त केली आणि चुकीचा मार दुसऱ्याच्या पाठीवर ठेवला! माझ्या मुलीनं, हो, शाळेत ती माझी मुलगी आहे, तिनं शिकलेली गोष्ट तुम्ही एका माणसाची भाकर काढून घ्यायला वापरली!"

"गुरुजी, तोंड सांभाळा. माही मिल आहे, माही तार आहे. मी कापीन नाईतर जाळीन."

"साहेब," गुरुजी वळले, "तारा नुकत्याच कापल्या आहेत. पूर्वीसारख्या लांब करून वेटोळी घालून लावायला सांगा, आणि मग ऐका. तीच तार पाहिजे असंही नाही, कोणतीही तेवढी तार आणा."

साहेबांनी कपाळ चोळलं. "लांब तारांवर कंडेन्सर लावला असेल तर शॉर्टवेव्हला उपयोग नाही, हे मला पटतं. पण लावला होता हे कोण सांगतं? पाटील कबूल करत नाहीत. मिस्त्री?"

मुखरूला बोलावलं. तो खाली पाहत उभा राहिला. त्याची चार पोरं मिलच्या मजुरीवर जगत होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

"मले काही याद नाई, साहेब."

"मग मी काय करू?" साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मिल खाजगी आहे. पाटलांची इच्छा नसताना मी तिथं प्रयोग करू शकत नाही. अंधाराआधी मला पलीकडे जायचं आहे."

"जा ना," सुगंधाबाई म्हणाली.

ती आतापर्यंत कोपऱ्यात उभी होती. ती साहेबांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

"तक्रार कोनाची आहे? माही. डोंगा कोनाचा गेला? माहा. मी म्हनलं हा झोपला होता, तवा तुमी जीप घेऊन आले. आता मीच म्हनते झोपला नव्हता, तर तुमाले घड्याळ दिसून राह्यलं! जा पलीकडं. कायनं जाता पन? बुधू डोंगा हाकनार नाई. टोलीतला एक बी मानूस हाकनार नाई."

"बाई, सरकारी माणसाला अडवणं गुन्हा आहे."

"मंग टाका सगळ्या टोलीले जेलात! टाकाले बी पलीकडंच न्या लागन ना आमाले? न्या पोहत!"

शिपायाला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात दडवलं. साहेब रागाने लाल झाले होते. त्यांनी नदीकडे पाहिलं. पाणी गढूळ, दोन्ही काठ भरून, वेगाने चाललं होतं. पुढच्या संध्याकाळी याच पाण्याची खबर याच यंत्रावर येणार होती.

"पाटील," ते शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज आता वेगळा होता, "चौकीला वीज तुमच्या तारेवरून येते. तुमच्या तारेतून सरकारी वायरलेसवर खरखर येते की नाही, हे पाहणं माझं काम आहे. हा प्रयोग होईल. नाही म्हणाल तर आजच चौकीची तार तुमच्या मिलपासून तोडतो, आणि का तोडली ते वर कळवतो."

गुणवंतराव ओट्यावरून उतरून बाजूला झाले. मुखरूने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग तो कोणाला न विचारता मिलमध्ये गेला. शाळेच्या झेंड्याच्या खांबाला गुंडाळलेली जुनी तार गुरुजींनी आणून दिली. मुखरूने मिल थांबवली, कंडेन्सर सोडवला, समोरच्या भिंतीशी नेला, तार जोडली, वेटोळी घातली. वेटोळी पूर्वीसारखीच नीट होती. मिल सुरू झाली.

साहेबांनी कानाला यंत्र लावलं आणि लगेच झटक्याने दूर केलं.

यंत्र टेबलावर होतं तरी खोलीतल्या सगळ्यांना ती तडतड ऐकू येत होती. चांद्याचे ठोके त्यात बुडून गेले होते. साहेबांनी ते पुन्हा कानाला लावून बराच वेळ ऐकलं, डोळे मिटून. मग म्हणाले, "यातून कोणालाच काही ऐकू आलं नसतं. मलाही नाही." त्यांनी मुखरूला कंडेन्सर परत डायनामोजवळ लावायला सांगितलं. "मोठा एकटा पुरणार नाही. मी चांद्याहून लहान, अभ्रकाचा कंडेन्सर पाठवतो. तो याच्या जोडीला, ब्रशला, म्हणजे त्या कोळशाच्या तुकड्यांना, लागूनच बसवायचा. जलद थरथर तो घेईल." आणि इसरूला म्हणाले, "तुझ्यावरचा आरोप मी काढून टाकतो."

इसरू रडू लागला. तो सुगंधाबाईकडे वळला. "बाई, तुमचे उपकार..."

"उपकार गेले चुलीत!" ती ओरडली. सगळे दचकले. "तू झोपला नव्हता हे मानलं मी. तुले खरखर ऐकू येत होती हे बी मानलं. मंग त्या संध्याकाळी तुले काहीच ऐकू येत नव्हतं, तर ते येऊन सांगितलं काऊन नाई? चौकीपासून टोली किती दूर आहे रे? नदी भरलेली, अन् चांद्याचा निरोप ऐकू येत नाई, ही खबर नव्हती काय? आमी आपल्या अकलेनं लेकरं उचलून वर गेलो असतो!"

इसरूने डोळे पुसले.

"माह्या मनात आलंच नाई," तो म्हणाला.

"आलं पाहिजे. आजपासून ज्या दिवशी ऐकू येनार नाई, त्या दिवशी स्वतः चालत येऊन सांगायचं. शिपायाले नाई धाडायचं. तूच ये."

तिने पदर झटकला आणि साहेबांना म्हणाली, "चला, उजेड आहे तोवर. हाकते मी."

डोंग्यात ती वल्हं घेऊन मागे बसली. अलीकडच्या काठावर गुरुजी, मुखरू आणि इसरू उभे होते. कंडेन्सर परत डायनामोला लागून बसला होता आणि मिल बंद होती. दिवेलागणीची वेळ होत आली तसा इसरू वळला आणि ठोके ऐकायला चौकीकडे चालू लागला.